हाडोळा : वेठीची खूण आणि हक्काचा पुरावा

पश्चिम महाराष्ट्रातील अनेक गावांच्या सातबारा उताऱ्यांवर 'इनाम वर्ग ६ ब' किंवा 'महार वतन' अशी नोंद आजही वाचायला मिळते. तिच्याजवळच 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा असतो. ज्या वतनाचा हा उल्लेख आहे ते कायद्याने १९५९ मध्येच संपुष्टात आले. ज्या समाजाच्या नावाने ते ओळखले जाई त्यातील बहुसंख्यांनी १९५६ नंतर बौद्ध धम्म स्वीकारला आणि जुने जातिनामही टाकून दिले. तरीही महसुली दप्तरात ते नाव टिकून आहे. या जमिनीवर हक्क सांगायचा, तर नातवाला आजोबांच्या गुलामीचा कागदच पुरावा म्हणून पुढे ठेवावा लागतो. महाराष्ट्रातील जमीन, सार्वजनिक जीवन आणि सामाजिक स्मृती यांचे नाते किती गुंतागुंतीचे आहे, हे समजून घेण्यासाठी महार वतनासारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

गावगाड्यातील स्थान

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात जुन्या मराठी खेड्याची जी रचना वर्णिलेली आहे, तिच्यात पाटील-कुलकर्ण्यांपासून बारा बलुतेदारांपर्यंत प्रत्येकाचे काम आणि त्या कामाचा मोबदला ठरलेला होता. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट हे प्रामुख्याने रयतेच्या उपयोगी पडत. महारांची सेवा मात्र रयत आणि सरकार या दोघांच्याही उपयोगाची मानली जाई. म्हणूनच महसुली वर्गवारीत सुतार-न्हाव्यांची इनामे 'रयत उपयोगी' म्हणजे वर्ग ६ अ मध्ये, तर महार, रामोशी आदींची इनामे 'सरकार उपयोगी' म्हणजे वर्ग ६ ब मध्ये मोडत.

या सेवेची यादी लांबलचक होती. गावाच्या वेशीवर पहारा देणे, चावडीवर हजर राहणे, गोळा झालेला सारा तालुक्याच्या ठिकाणी पोहोचविणे, सरकारी टपाल नेणे, दौऱ्यावर आलेल्या अंमलदाराला वाट दाखविणे आणि त्याचे ओझे वाहणे, गावच्या शिवेबद्दल तंटा झाल्यास साक्ष देणे, कोणी दगावल्यास परगावच्या नातलगांना सांगावा धाडणे, मेलेली जनावरे ओढून नेणे, लाकडे फोडणे, अशी ही कामे होती. त्यांना वेळेची मर्यादा नव्हती. पाळीचा येसकर आजारी पडला किंवा बाहेरगावी गेला, तर त्याच्या घरातील दुसऱ्या कोणी त्याच्या जागी उभे राहावे, अशीच अपेक्षा असे. सेवा एका माणसाने द्यायची, पण बांधलेले मात्र सारे कुटुंब असायचे.

मोबदला तीन प्रकारचा होता. सुगीच्या वेळी खळ्यावर मिळणारे बलुते हा पहिला. येसकराने घरोघर फिरून मागायची भाकरी, मृत जनावराचे कातडे, मढ्यावरचे कापड असे मानपानाचे किरकोळ हक्क हा दुसरा. तिसरा म्हणजे इनाम जमीन. या जमिनीला 'हाडकी' किंवा 'हाडोळा' असे म्हणत. हा शब्द 'हाड' या शब्दाशी जोडला जातो. मृत जनावरांच्या विल्हेवाटीची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्यांच्या जमिनीला त्या कामाची ओळख नावातच चिकटली. आंबराई, मळा, पांढरी, काळी अशा शेतांच्या नावांच्या रांगेत हाडोळा हे नाव उच्चारताच जमीन कोणाची, हे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नसे.

या हक्कांमागे एक परंपरागत कथाही आहे. बेदरच्या बादशहाची निष्ठेने सेवा करणाऱ्या अमृतनाक नावाच्या महाराला बक्षीस म्हणून साऱ्या जातीसाठी बावन्न हक्कांची सनद मिळाली, असे ही कथा सांगते. तिची ऐतिहासिक सत्यता हा वेगळा विषय आहे. पिढ्यान्‌पिढ्या ती सांगितली गेली यात मात्र मोठा अर्थ दडलेला आहे. ज्यांच्या वाट्याला गावाने केवळ सेवा आणि विटाळ ठेवला, त्यांनी आपल्या स्थानाचा उगम दयेत न शोधता सनदेत शोधला. आपण गावाचे आश्रित नसून वतनदार आहोत, हा दावा त्या कथेतून जपला गेला.

वतनाचे दुहेरी स्वरूप येथेच स्पष्ट होते. हीच जमीन माणसाला गावाशी जखडून ठेवी आणि गावात राहण्याचा अधिकारही तीच देई.

इंग्रजी अमलातील वतन

इंग्रजी राज्यात न्यायालये, पोलीस, टपाल या व्यवस्था नव्याने उभ्या राहिल्या. त्यामुळे गावकामगारांची जुनी कामे कमी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात ती वाढली. मुंबई सरकारने १८७४ मध्ये वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा केला. 'वतन कायदा' या नावाने तो ओळखला जातो. या कायद्याने वतनाला लेखी आणि कायदेशीर चौकट मिळाली. वतनाच्या जमिनीचे वतनाबाहेर हस्तांतर करण्यावर बंधने आली. पण कनिष्ठ गावकामगारांनी नेमकी कोणती कामे करायची आणि किती वेळ करायची, याचा स्पष्ट हिशेब कोठेच नव्हता. महसूल, पोलीस, वन, आरोग्य अशा कोणत्याही खात्याचा अंमलदार गावात आला, की त्याच्या दिमतीला महार हजर असला पाहिजे, अशी वहिवाट पडली.

मोबदल्याची स्थिती याच्या उलट होती. बलुते सरकारने नव्हे, रयतेने द्यायचे होते. सेवा सरकारची आणि वेतन गावकऱ्यांच्या मर्जीवर, अशी ही रचना होती. महारांनी मृत मांस खाणे सोडले, मुलांना शाळेत घातले, पाणवठ्यावर हक्क सांगितला किंवा नुसते स्वच्छ कपडे घातले, तरी बलुते बंद करण्याचे हत्यार गावाच्या हाती असे. जमीनही पिढ्यागणिक वाटली जाऊन तुकड्या-तुकड्यांची झाली होती. कर्ज काढून ती सावकाराकडे किंवा बड्या शेतकऱ्याकडे गहाण पडल्याची, खंडाने गेल्याची उदाहरणे गावोगाव होती. जमीन हातची गेली तरी चाकरी सुटत नसे.

या व्यवस्थेला संस्थानी मुलखात पहिला मोठा धक्का दिला तो कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी. १९१८ मध्ये त्यांनी महार वतने खालसा करून त्या जमिनी वतनदारांच्या नावे रयतावा करून देण्याचा निर्णय घेतला. चाकरीची अट काढून जमीन मात्र कसणाऱ्याकडे ठेवायची, हे तत्त्व त्यामागे होते. पुढील चार दशके ब्रिटिश हद्दीत जो लढा चालला, त्याचे सूत्र कोल्हापुरात असे आधीच मांडले गेले होते.

विधिमंडळातील लढा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या 'बहिष्कृत भारत' या पाक्षिकातून महार वतनाच्या प्रश्नाची सविस्तर चर्चा केली. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचेही हेच वर्ष. पाण्याचा हक्क आणि वतनापासून मुक्ती हे दोन प्रश्न त्यांच्या दृष्टीने वेगळे नव्हते. पहिल्याने सार्वजनिक जीवनात प्रवेश मागितला होता. दुसरा सुटल्याशिवाय तो प्रवेश टिकणार नव्हता, कारण सकाळी तळ्यावर हक्क सांगणाऱ्याला संध्याकाळी त्याच गावात भाकरी मागायला जावे लागे.

१९ मार्च १९२८ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. ज्या वतनदारांना चाकरीतून मुक्त व्हायचे आहे, त्यांना पूर्ण सारा भरून जमीन स्वतःकडे ठेवता यावी. बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत करून ती साऱ्याबरोबर वसूल व्हावी. आणि सेवेची कामे निश्चित केली जावीत, हे त्यातील मुख्य मुद्दे होते. मागणी तशी माफक होती. तरीही विधेयकाला कडवा विरोध झाला. नव्या पगारी नोकरांचा बोजा तिजोरीवर पडेल, अशी सरकारला धास्ती होती. हक्काचे मनुष्यबळ हातचे जाईल, ही गावातील वरिष्ठ वर्गाची चिंता होती. विधेयक निवड समितीकडे गेले. तेथे त्याचे मूळ रूपच हरवल्यामुळे १९२९ मध्ये ते मागे घेण्यात आले.

अडचण केवळ बाहेरची नव्हती. वतन सोडले तर जमीन जाईल आणि गावातील स्थानही जाईल, ही भीती खुद्द महार समाजातील अनेकांच्या मनात होती. तुटपुंजे असले, अपमानकारक असले तरी वतन हे त्यांच्याकडचे एकमेव स्थावर होते. वतनाने महारांची महत्त्वाकांक्षा मारून टाकली आहे, ही डॉ. आंबेडकरांची मांडणी या संदर्भात वाचायला हवी. त्यांना जमीन सोडून द्यायची नव्हती. जमीन आणि वेठ यांची गाठ सोडवायची होती.

१९३७ च्या निवडणुकीनंतर स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून त्यांनी हा प्रश्न पुन्हा धसास लावला. त्याच वर्षी कोकणातील खोती पद्धत नष्ट करण्यासाठी त्यांनी विधेयक आणले. १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत विधिमंडळावर शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा निघाला. कुणबी कूळ आणि महार शेतमजूर त्यात खांद्याला खांदा लावून चालले. खोतीचा शेवट कायद्याने १९४९ मध्ये झाला. वतनदारांच्या परिषदाही भरत राहिल्या. १९४१ मध्ये सिन्नर येथे झालेल्या परिषदेत वतनी जमिनीवरील वाढीव आकारणीला विरोध करण्यात आला.

मार्च १९४७ मध्ये त्यांनी संविधान सभेसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात हा विचार टोकाला पोहोचलेला दिसतो. शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी, ती सामूहिक पद्धतीने कसली जावी आणि अनुसूचित जातींसाठी स्वतंत्र वसाहती उभारल्या जाव्यात, अशी मागणी त्यात होती. खेड्यातील जमिनीचे वाटप तसेच राहिले, तर मताधिकार मिळूनही माणूस मोकळा होणार नाही, हा त्यामागील निष्कर्ष होता.

मुक्ती आणि तिची अट

स्वातंत्र्यानंतर वतने एकामागून एक रद्द झाली. परगणा व कुलकर्णी वतने १९५१ मध्ये संपली. महार, रामोशी आदींच्या वतनांसाठी 'मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलन अधिनियम, १९५८' करण्यात आला आणि तो १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. वंशपरंपरागत चाकरी संपली. 'बहिष्कृत भारत'मधील चर्चेपासून मोजले तर या निर्णयाला ३२ वर्षे लागली होती, आणि ज्यांनी तो मागितला होता ते डॉ. आंबेडकर १९५६ मध्येच निवर्तले होते.

कायद्याची यंत्रणा अशी होती : सर्व वतनी जमिनी प्रथम सरकारजमा झाल्या. त्यानंतर आकारणीच्या तिप्पट रक्कम भोगवटा मूल्य म्हणून भरणाऱ्या वतनदाराला त्या पुन्हा प्रदान करण्याची तरतूद होती. ठरलेल्या मुदतीत रक्कम न भरल्यास धारक अनधिकृत ठरून त्याला जमिनीवरून काढता येत असे. पुनःप्रदान झालेली जमीनही 'नवीन अविभाज्य शर्ती'ची राहिली. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून आणि सरकार ठरवील तो नजराणा भरल्याखेरीज तिची विक्री किंवा वाटणी करता येत नव्हती. वर्ग २ या शेऱ्याचा उगम येथे आहे.

या अटीमागे संरक्षणाचा हेतू होता. गरीब वतनदाराची जमीन धनदांडग्यांनी कवडीमोलाने गिळू नये, हा तो हेतू. परंतु व्यवहारात तिचे परिणाम दुहेरी झाले. ज्यांना मुदतीची वार्ताच पोहोचली नाही, ज्यांच्याकडे रक्कम नव्हती, जे पोटापाण्यासाठी मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत गेले होते, त्यांच्या जमिनी सरकारी नावावरच राहिल्या. ज्या जमिनी कायदेशीरपणे खंडाने दिलेल्या होत्या, तेथे कुळाला कूळकायद्याचे संरक्षण मिळाले. 'कसेल त्याची जमीन' हे न्याय्य तत्त्व अशा ठिकाणी मूळ वतनदाराच्याच विरोधात गेले. शिवाय जुन्या नोंदींत बहुधा घराण्याच्या वतीने एक-दोघांचीच नावे असत. पुढच्या पिढ्यांत वारस शेकड्यांनी वाढले. एका हाडोळ्यावर हक्क सांगणारी अनेक कुटुंबे आणि उताऱ्यावर मात्र पणजोबांचे एकच नाव, असे चित्र गावोगाव दिसू लागले.

तसबीर आणि पडीक जमीन

वतन संपले तेव्हा गावातील बहुसंख्य दलित भूमिहीन शेतमजूर होते. त्यांच्या प्रश्नाला राजकीय रूप दिले ते कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे दादासाहेब (१९०२–१९७१) १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचे एक आधारस्तंभ होते. १९५७ मध्ये ते नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. सरकारी पडीक जमिनी भूमिहीनांना द्याव्यात, या मागणीसाठी मराठवाड्यात १९५३ मध्येच सत्याग्रह झाला होता. १९५९ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या वतीने तो पुन्हा सुरू झाला. सर्वांत मोठा लढा मात्र ६ डिसेंबर १९६४ रोजी, डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी सुरू झाला. तो देशाच्या अनेक राज्यांत पसरला आणि तीन लाखांहून अधिक सत्याग्रहींनी स्वतःला अटक करवून घेतली. स्त्रिया कडेवरची मुले घेऊन तुरुंगात गेल्या.

या सत्याग्रहाच्या वेळी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना जी मागण्यांची सनद सादर करण्यात आली, ती मुळातून लक्षात घेण्याजोगी आहे. पडीक जमीन भूमिहीनांना द्यावी, किमान वेतनाचा कायदा अमलात आणावा, रास्त भावाने धान्य मिळावे, बौद्धांना सवलती मिळाव्यात या मागण्यांबरोबरच संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात डॉ. आंबेडकरांची तसबीर लावावी, ही मागणी तिच्यात होती. एरवी भाकरीचा प्रश्न आणि अस्मितेचा प्रश्न अशी विभागणी करण्याची सवय विश्लेषकांना असते. सत्याग्रहींनी ती केली नाही. गावाच्या शिवारात जागा नाही आणि देशाच्या सभागृहात चेहरा नाही, या दोन्ही गोष्टी त्यांना एकाच अन्यायाची दोन टोके वाटत होत्या. ती तसबीर प्रत्यक्ष लागायला १२ एप्रिल १९९० उजाडावे लागले. जमिनीच्या मागणीचा प्रवास अद्याप पूर्ण झालेला नाही.

१९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यातून आणि गायरानांवरील अतिक्रमणे नियमित करण्याच्या निर्णयांतून काही जमीन भूमिहीनांपर्यंत पोहोचली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे मान्य केले. शासनाने निवडलेली ही तारीख डॉ. आंबेडकरांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या प्रारंभाची होती. पुढे २००४ मध्ये दादासाहेबांच्याच नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना सुरू झाली. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तिच्यात तरतूद आहे. २०१८ पासून ती पूर्ण अनुदानावर आली. मात्र विकत घ्यायला जमीन उपलब्ध होणे आणि सरकारी दराने ती विकायला कोणी तयार होणे, ही तिची मुख्य अडचण राहिली आहे.

गायरानाचा प्रश्न मराठवाड्यात सर्वाधिक तीव्र झाला. तेथे मानवी हक्क अभियानाचे एकनाथ आवाड (१९५६–२०१५) यांनी गायरान कसणाऱ्यांना संघटित केले. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि त्यानंतर उसळलेल्या हिंसाचारात खेड्यापाड्यांतील दलित वस्त्या होरपळल्या. वरकरणी हा वाद एका नावाचा होता. परंतु गावकीची कामे नाकारणारे, गायरानात नांगर घालणारे आणि मजुरीचा दर मागणारे हात त्या हिंसेचे लक्ष्य होते, हे अनेक अभ्यासकांनी नोंदविले आहे. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. २००६ मध्ये भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत ज्या कुटुंबातील चौघांची हत्या झाली, ते स्वतःची जमीन कसणारे होते, आणि त्यांच्या शेतातून जाणाऱ्या रस्त्याचा वाद त्या घटनेच्या पार्श्वभूमीवर होता. भूमिहीन दलिताची उपेक्षा होते. जमीन बाळगणारा दलित कित्येकदा डोळ्यांत खुपतो.

साहित्यातील आणि नकाशावरील स्मृती

महसुली दप्तराने वतनाची नोंद एका ओळीत ठेवली. त्या ओळीमागचे जगणे नोंदविले ते दलित आत्मकथनांनी. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. शंकरराव खरात यांच्या 'तराळ-अंतराळ'चे शीर्षक तराळकीच्या गावकामावरून आले आहे. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या आत्मकथनात महारवाड्यातील बायांचे कष्ट आणि येसकरपाळीचा मान-अपमान एकत्र आलेला आहे. यांतील दोन पुस्तकांची नावेच वतनव्यवस्थेच्या शब्दकोशातून उचललेली आहेत. जो शब्द पूर्वी गावाने चाकरीसाठी वापरला, तोच शब्द लेखकाने गावाच्या वर्तनाची साक्ष म्हणून उभा केला. मराठी वाचकाला गावगाड्याची दुसरी बाजू प्रथम खऱ्या अर्थाने कळली ती या पुस्तकांतून.

स्मृतीचे हे काम पुस्तकांपुरते राहिले नाही. महारवाड्यांची नावे लोकांनीच भीमनगर, बौद्धवाडा, सिद्धार्थनगर अशी बदलली. वस्तीच्या तोंडाशी निळा झेंडा आणि पुतळा उभा राहिला. बाहेरून पाहणाऱ्याला पुतळ्यांचा हा आग्रह कधी कधी अनाठायी वाटतो. ज्यांच्या पूर्वजांना गावात उभे राहण्याची जागा वेशीबाहेर नेमून दिलेली होती, त्यांच्या दृष्टीने मात्र पुतळ्याखालचे ते चार हात जमिनीचे तुकडेही सार्वजनिक जीवनातील हक्काचे ठाणे असते. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तेव्हा लोकांनी दीर्घकाळ चालविलेल्या या प्रथेला अधिकृत मान्यता मिळाली.

वस्तीचे नाव बदलता येते, तसे जमिनीच्या नोंदीतील नाव बदलणे सोपे नाही. महार वतन हा शब्द उताऱ्यावरून पुसला, तर जातीची खूण जाईल आणि तिच्याबरोबर हस्तांतरावरील बंधनाचा, म्हणजे वारसांच्या हक्काचा, आधारही जाईल. विसरण्याचा अधिकार आणि आठवण ठेवण्याची गरज यांतील हा पेच आहे.

शहरे वाढली तेव्हा

एकेकाळी गावकुसाबाहेर असलेल्या हाडोळ्यांचे भाव शहरे फुगल्यानंतर पालटले. पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, ठाणे यांच्या परिघावरील गावे महापालिकेत आली. महामार्ग, उद्योग आणि गृहप्रकल्पांसाठी जमीन लागू लागली. ज्या तुकड्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते तो कोट्यवधींचा झाला. विखुरलेल्या वारसांकडून कुलमुखत्यारपत्रे गोळा करणे, किरकोळ रकमेवर साठेखत करून घेणे, मागाहून नजराणा भरून शर्त शिथिल करून घेणे, अशा मार्गांनी या जमिनींचे व्यवहार होऊ लागले. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यातील मुंढवा परिसरातील सुमारे ४० एकर महार वतन जमिनीच्या विक्रीवरून राज्यभर गदारोळ झाला आणि राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. शहरी वाचकांपैकी अनेकांनी 'महार वतन' हा शब्द त्या निमित्ताने प्रथमच ऐकला.

चर्चा मुद्रांक शुल्क, बाजारभाव आणि राजकीय लागेबांधे यांभोवती फिरली. तिच्यात मूळ वतनदारांचे वारस कोण आणि त्यांचे काय, हा प्रश्न फारसा पुढे आला नाही. देशपातळीवरही चित्र वेगळे नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारताच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण १६.६ टक्के होते. २०१५-१६ च्या कृषी गणनेत त्यांच्या वहिवाटीखालील जमिनीचा वाटा सुमारे ९ टक्के भरला, आणि त्यातही लहान तुकड्यांचाच भरणा मोठा होता.

या पार्श्वभूमीवर हाडोळा हा इतिहासजमा झालेला शब्द मानता येत नाही. वारसनोंदी अद्ययावत करणे, मुदत चुकल्यामुळे सरकारजमा राहिलेल्या जमिनींची गावनिहाय यादी प्रसिद्ध करणे, शर्त शिथिल करताना प्रत्येक वारसाची संमती आणि वाटा तपासणे, ही कामे कोणत्याही नव्या कायद्यावाचून होऊ शकतात. जुनी मोडी दप्तरे, इनाम पत्रके आणि फेरफार नोंदवह्या तालुक्याच्या कचेऱ्यांतून जीर्ण होत आहेत. ज्यांच्या घरी ताम्रपट किंवा बखर नव्हती, त्यांच्या पूर्वजांची नावे कोठे लिहिलेली सापडतील, तर ती याच कागदांत. चाकरीच्या नोंदीसाठी एकदा लिहिलेली सिदनाक-रायनाकांची ती नावे जपली जातात की नाही, यावर पुष्कळांच्या जमिनीचा हक्क अवलंबून आहे आणि एका समाजाच्या लिखित इतिहासाचा मोठा भागही.